काटा मध्यावरच होता

मे महिन्यातल्या एका रविवारी संध्याकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी कुंभार्ली घाटाच्या चढावर माझ्या धाकट्या भावाच्या गाडीचं इंजिन जाम झालं. गाडीत आम्ही पाच जण होतो: भाऊ, वहिनी, त्यांची सात वर्षांची मुलगी, आई आणि मी. पुढे चिपळूणच्या गॅरेजात ते इंजिन उघडलं, तेव्हा मी तिथे उभी होते आणि मेकॅनिकला एकेक गोष्ट विचारून घेत होते. आम्हाला गाडीत बसून काय दिसत होतं आणि त्याच वेळी बॉनेटखाली काय चाललं होतं, हे दोन्ही एकत्र ठेवून हा घटनाक्रम लिहिला आहे. जुनी गाडी घेणाऱ्यांनी तर तो वाचावाच, पण विकणाऱ्यांनीही वाचावा.

फेब्रुवारी, पुणे

गाडी २०१३ सालची. १.३ लिटरचं डिझेल इंजिन, मीटरवर ६८ हजार किलोमीटर, किंमत ३ लाख १० हजार. त्यातली निम्मी रक्कम पतसंस्थेच्या कर्जाची. भाऊ एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. पावसाळ्यात मुलीला स्कूटरवर पुढे उभं करून शाळेत सोडायला लागू नये, आईला गावाहून आणायला एसटीची वाट बघावी लागू नये, एवढ्यासाठी त्याने ही गाडी घेतली. हौस हा शब्द त्याच्या तोंडी एकदाही आला नाही.

एजंटच्या दारात गाडी आधीच चालू करून ठेवलेली होती. एसी गार, इंजिनाचा आवाज मऊ, बॉनेटखाली सगळं धुऊन पुसून स्वच्छ. ओळखीच्या एका मेकॅनिकने फेरी मारून बघितली, टायर बघितले, कागद बघितले. मालकी बदलण्याच्या टीटी फॉर्मवर सह्या झाल्या. सोबत आणखी एका कागदावर सही घेतली गेली, ‘गाडी जशी आहे तशी स्वीकारली’.

त्यानंतर त्या घराचं जगणं हळूहळू गाडीच्या मर्जीने चालायला लागलं. आधी बॅटरी गेली, मग सेल्फ. सेल्फ दुरुस्त झाला तर मागची काच अर्ध्यात अडकली. भाऊ गाडी उताराच्या तोंडाला लावायला लागला, धक्का द्यायची वेळ आली तर सोपं जावं म्हणून. लग्नाला निघताना वहिनी पर्समध्ये रिक्षाचे पैसे वेगळे ठेवायची. पगार झाला की घरात पहिला प्रश्न यायचा, या महिन्यात गाडीला किती जाणार? बिघाडाचा खर्च माणूस एकदा सोसतो. पण सकाळी किल्ली फिरवताना रोज छातीत होणारी ती धडधड मी भावाच्या चेहऱ्यावर बघितली आहे. जुनी गाडी बाळगणाऱ्या कुणालाही ती वेगळी सांगावी लागणार नाही.

रविवार, सकाळी ७.००. अनर्थाला ११ तास ३५ मिनिटं

गुहागर तालुक्यातलं आमचं घर. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची मंगळवारची तारीख पुण्यात मिळाली होती, म्हणून तिला न्यायला आम्ही आलो होतो. भावाने अंगणात बॉनेट उघडलं. कूलंटच्या डब्यात पातळी खालच्या खुणेच्याही खाली होती आणि आतलं पाणी तपकिरी दिसत होतं. त्याने विहिरीचं पाणी घालून डबा भरला. पुण्याहून निघतानाही भरलेला होता.

गाडी रात्रभर उभी होती, इंजिन थंडगार होतं. तरीही रेडिएटरकडे जाणारा वरचा होज पाईप हाताला कडक लागत होता. “ताई, हा फुगल्यासारखा वाटतो का गं?” त्याने मला विचारलं. मला त्यातलं काही कळत नव्हतं आणि त्यालाही. मेकॅनिकने नंतर सांगितलं की त्या सकाळी गाडीने जे सांगायचं ते सगळं सांगून टाकलं होतं. थंड इंजिनाचा होज मऊ असायला हवा. रात्रभरानंतरही तो कडक राहिला, तर सिलिंडरमधला जळालेला वायू हेड गास्केटमधून पाण्याच्या वाटेत शिरलेला असतो आणि तिथे अडकून बसलेला असतो.

कूलंटची गोष्ट थोडी समजून घ्यायला हवी, कारण आपल्याकडे अजूनही त्याला सरसकट ‘गाडीतलं पाणी’ म्हणतात. साधं पाणी १०० अंशांना उकळतं. त्यात निम्मं ग्लायकॉल मिसळलं आणि झाकणाने साधारण एक बारचा दाब धरून ठेवला, की उकळण्याचा बिंदू १२५ अंशांच्याही पुढे जातो. शिवाय त्यात गंज रोखणारी द्रव्यं असतात. साधं पाणी वर्षानुवर्षं घालत राहिलं तर बिडाचा ब्लॉक आतून गंजतो, क्षार साचतात आणि रेडिएटरच्या बारीक नळ्या एकेक करून बुजतात. या गाडीत हे कितीतरी आधीपासून चालू होतं.

सकाळी ११.००. ७ तास ३५ मिनिटं

सामान भरणं. आंब्याच्या पेट्या, दोन फणस, तांदूळ, आमसुलं, आईची ट्रंक. टपावर कॅरियर बांधला. प्रत्येक किलो घाटात इंजिनाला ओढावा लागणार होता.

दुपारी १.४५. ४ तास ५० मिनिटं

जेवून निघालो. मार्गताम्हाने, रामपूर, वळणावळणाचा चढउताराचा रस्ता. बाहेर मे महिन्याचा कोकणी उकाडा, आत एसी. आईला पुढे बसवलं होतं. टेंपरेचरचा काटा बरोबर मध्यावर.

या काट्याबद्दल मला त्या दिवसाआधी काही माहीत नव्हतं. अनेक गाड्यांत तो असा जुळवलेला असतो की इंजिन पंचाहत्तर-ऐंशी अंशांवर असो की शंभराच्या आसपास, तो मध्यावरच उभा राहतो. चालवणाऱ्याला उगाच धास्ती वाटू नये हा त्यामागचा हेतू. तो हलायला लागतो तेव्हा उशीर झालेला असतो.

दुपारी ३.२०. सव्वातीन तास

चिपळूणच्या बहादूरशेख नाक्याजवळ वाहनांच्या रांगेत अडकलो आणि काटा वर चढला. भावाने लगेच गाडी बाजूला घेऊन बंद केली. रविवार असल्याने मोठी गॅरेजं बंद होती. पंक्चरच्या दुकानाशेजारी एक तरुण मेकॅनिक भेटला. त्याने तासभर इंजिन निवू दिलं, मग तपासलं. रेडिएटरचा पंखा फिरत नव्हता, रिले गेला होता. त्याने वायर जोडून पंखा बॅटरीवर डायरेक्ट केला, पाणी भरलं, गाडी उभ्याने वीस मिनिटं चालू ठेवली. काटा मध्यावर येऊन स्थिरावला.

या मुलाला कुणी दोष देऊ नये. त्याला एक खरा बिघाड सापडला आणि त्याने तो प्रामाणिकपणे दुरुस्त केला. जुन्या गाडीचा खरा छळ इथेच असतो. तिच्यात एका वेळी एकच बिघाड नसतो. वरचा सापडला की माणूस समाधानाने बॉनेट बंद करतो आणि त्याच्याखालचा तसाच राहतो. पंखा बंद होता म्हणून इंजिन तापलं, हे खरं. पण पाणी रोज कमी का होत होतं, याचं उत्तर पंख्यात नव्हतं.

संध्याकाळी ५.००. १ तास ३५ मिनिटं

कराडच्या रस्त्याला लागलो. शिरगाव, मग पोफळी. कोयनेच्या वीज प्रकल्पाची वसाहत मागे पडली. भाची आईच्या मांडीवर डोकं टेकता येत नाही म्हणून कुरकुरत होती. आई तिला धरणाची गोष्ट सांगत होती.

५.५५. ४० मिनिटं

घाट सुरू. दुसरा गिअर, कधी पहिला. कुंभार्ली चढताना गाडीचा वेग कमी आणि इंजिनाचे फेरे जास्त, म्हणजे समोरून येणारा वारा कमी आणि आत तयार होणारी उष्णता सगळ्यात जास्त. ज्या रेडिएटरच्या निम्म्या नळ्या बुजल्या आहेत, तो सपाट रस्त्यावर कसाबसा निभावतो. घाटात त्याला लपून राहता येत नाही.

६.०८. २७ मिनिटं

काटा मध्य सोडून वर सरकला. थांबायला जागा नव्हती. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला कठडा, मागे ट्रक. भावाने एसी बंद केला, काचा खाली केल्या आणि हीटर पूर्ण चालू केला. ट्रकवाल्यांकडून शिकलेला हा उपाय खरा आहे. हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच. इंजिनाचं तापलेलं पाणी त्यातून फिरतं आणि थोडी उष्णता गाडीत फेकली जाते. गरम झोत तोंडावर आला. आई पदराने वारा घेत गप्प बसून राहिली. काटा वर चढायचा थांबला.

६.२०. १५ मिनिटं

हीटरमधून गार हवा यायला लागली.

सगळ्या दिवसातला हा क्षण मला सगळ्यात जास्त सांगावासा वाटतो. गार हवा आली तसं आईने “आता बरं वाटतंय रे” म्हटलं. त्याच मिनिटाला काटाही खाली यायला लागला, आणि बघता बघता मध्याच्याही खाली गेला. भावाने आरशातून माझ्याकडे बघितलं. “ताई, उतरला काटा.” त्याच्या आवाजातला तो सुटकेचा सूर अजून माझ्या कानात आहे.

बॉनेटखाली त्या वेळी असं झालं होतं. हेडमधून जिथे पाणी बाहेर पडतं, तिथली प्लॅस्टिकची जोडणी उष्णतेने आणि वयाने ठिसूळ झालेली. गास्केटमधून येणाऱ्या वायूचा दाब आणि उकळत्या पाण्याचा दाब, दोन्ही मिळून तिला तडा गेला. पाणी रस्त्यावर सांडत होतं, वाफ होऊन उडत होतं. हीटर पाण्याच्या वाटेतल्या उंच जागी असतो, त्यामुळे पाणी कमी झालं की तो आधी कोरडा पडतो. म्हणून गार हवा. आणि तापमान मोजणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरं सांगतो. पाणी त्याच्या खाली गेलं की तो फक्त आजूबाजूच्या वाफेचं आणि हवेचं तापमान सांगतो. धातू पेटल्यासारखा तापत असताना काटा खाली येतो तो यामुळे.

चढावर हीटर अचानक गार पडला आणि काटा खाली आला, तर गाडी सुधारलेली नसते. गाडीत पाणी उरलेलं नसतं. त्या मिनिटाला इंजिन बंद करायचं असतं. गाडी शिकवणारे, गाडी विकणारे, गाडीसोबत पुस्तिका देणारे, यांपैकी कुणीही हे वाक्य आम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

६.२८. ७ मिनिटं

गोडसर वास. ग्लायकॉलचा. कधीकाळी कुणीतरी यात कूलंट घातलं होतं, त्याचा तेवढाच अंश उरला असावा. मागे पांढरा धूर. पायाखाली अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, तरी गाडी ओढत नव्हती. ब्लॉक बिडाचा, हेड अॅल्युमिनियमचं, आणि अॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. बोल्टांनी आवळलेलं हेड फुगायला जागा न मिळाल्याने वाकायला लागलं. पिस्टनही फुगले. सिलिंडरच्या भिंतीवरचा ऑइलचा थर पातळ होत होत संपला. भाऊ पुढचं रुंद वळण शोधत होता, तिथे थांबता येईल म्हणून.

६.३५

वळणाच्या अलीकडे इंजिनातून एक कोरडा घासल्याचा आवाज आला आणि ते थांबलं. किल्ली फिरवली, फक्त ‘टक्’.

इंजिन बंद पडलं की ब्रेकची मदतही थोड्याच वेळात संपते. ब्रेकचा पेडल हलका राहतो तो इंजिनाने तयार केलेल्या निर्वातामुळे, आणि साठलेला निर्वात एकदोन दाबांत खर्च होतो. त्यानंतर पेडल दगडासारखा लागतो. स्टिअरिंगही जड होतं. गाडी उतारावर मागे सरकायला लागली. भावाने दोन्ही पायांनी ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला. हँडब्रेकची केबल सैल होती, गाडी पुरती धरेना. त्याने पहिला गिअर टाकला आणि गाडी एक धक्का खाऊन थांबली. मागे कराडकडे जाणारी एसटी होती. तिच्या ड्रायव्हरने वेळेवर थांबून अंतर राखलं होतं. कंडक्टर उडी मारून खाली उतरला आणि त्याने आमच्या मागच्या दोन्ही चाकांना दगड लावले. कुणालाही खरचटलंसुद्धा नाही, हे आधी सांगायला हवं होतं. पण त्या अर्ध्या मिनिटात भाचीने आईचा दंड इतका घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशी तिथे वळ उठलेला होता.

बॉनेटच्या फटीतून वाफ येत होती. थांबलेल्या ट्रकमधला एक जण पाण्याची बाटली घेऊन झाकण उघडायला निघाला, तर एसटीच्या ड्रायव्हरने त्याला दंडाला धरून मागे खेचलं. दाबाखाली तापलेल्या पाण्याचं झाकण उघडलं की दाब एकदम सुटतो, त्याच क्षणी पाण्याची वाफ होते आणि ती तोंडावर, हातावर येते. असे भाजलेले चेहरे पाहिलेत, असं तो ड्रायव्हर म्हणाला नाही, पण त्याने ज्या जोराने त्या माणसाला ओढलं त्यावरून ते कळलं. आई, वहिनी आणि मुलगी त्याच एसटीने कराडला मामांकडे गेल्या. तिकिटाचे पैसे देताना वहिनीचे हात थरथरत होते.

रात्री ९.३०

टोचन करून गाडी पुन्हा चिपळूणला. आंबे एका गॅरेजच्या पत्र्याखाली रात्रभर. आईची मंगळवारची तारीख गेली.

मंगळवार, गॅरेज

हेड उतरवलं. ऑइल चहासारखं झालेलं, पाणी मिसळल्यावर होतं तसं. हेड वाकलेलं, दोन सिलिंडरच्या भिंतींवर खोल ओरखडे. रेडिएटर कापला तर आत तपकिरी गाळ, आणि त्या गाळात गळती बुजवण्यासाठी टाकतात त्या पावडरीचे चकाकते कण. घाटात अडलेला ट्रकवाला वेळ मारून न्यायला रेडिएटरमध्ये हळद टाकतो, त्यात वाईट काही नाही. त्याला पुढच्या गावापर्यंत पोचायचं असतं आणि गाडी त्याचीच असते. ही पावडर मात्र गाडी विकेपर्यंत गळू नये म्हणून टाकलेली होती.

मेकॅनिकने मग जुनं गास्केट हातात धरून मला त्याची कड दाखवली. डिझेल इंजिनांच्या गास्केटला कडेला खाचा असतात आणि त्यावरून त्याची जाडी ओळखता येते. या गाडीत जाड गास्केट बसवलेलं होतं. “ताई, हे हेड आधी एकदा उघडलंय. फेसिंग करून घासलंय, म्हणून जाड गास्केट.” म्हणजे हे इंजिन एकदा असंच तापून गेलेलं होतं, आणि ते कुणाला तरी पक्कं माहीत होतं. माहीत असूनही त्याने लहान मूल असलेल्या कुटुंबाला ही गाडी विकली.

इंजिनाच्या कामाचा अंदाज १ लाख १५ हजार. विम्यातून काही मिळालं नाही, कारण नेहमीच्या विम्यात यांत्रिक बिघाड धरत नाहीत. गाडी आहे त्या अवस्थेत ६० हजारांना गेली. पतसंस्थेचे हप्ते अजून चालू आहेत.

आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि तेवढ्या काळात तिची यांत्रिक तपासणी कुणीही सक्तीने करत नाही. पीयूसी फक्त धूर बघते. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना आरटीओचं अधिकारपत्र लागतं, पण त्या नियमांचा रोख मालकीवर, ताब्यावर आणि कागदांवर आहे. हेड कधी उघडलं, याची नोंद आरसीवर नसते. ती असायला हवी. वाहन कंपनीचं गॅरेज असो की रस्त्यावरचं, इंजिन उघडल्याची नोंद गाडीच्या क्रमांकावर चढली पाहिजे आणि घेणाऱ्याला ती बघता आली पाहिजे. तोपर्यंत विकणाऱ्याकडून एक ओळ लिहून घ्या: इंजिनाचं हेड आजवर उघडलं आहे की नाही. खाली सही, तारीख. जो ही ओळ लिहून द्यायला तयार नसेल, त्याची गाडी घेऊ नका. आणि लिहून दिलेलं खोटं निघालं, तर व्यवसाय म्हणून गाड्या विकणाऱ्याविरुद्ध तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करा. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी लागत नाही.